बिनडिपॉझिटची लायब्ररी: लुई लामूरची ‘द लोन्सम गॉड्स’

डोंबिवलीत जिन्याखालच्या आठ बाय दहाच्या गाळ्यात मी पंचवीस वर्षं सर्क्युलेटिंग लायब्ररी चालवली. १९८८ ते २०१३. समोर दिवाळी अंक आणि मासिकं, डाव्या भिंतीला मराठी कादंबऱ्या, आणि दाराआड, जिथे पावसाची ओल हमखास पोचायची, तिथे इंग्रजी पेपरबॅक. त्यात दोन फळ्या वेस्टर्नच्या, म्हणजे जुन्या पश्चिम अमेरिकेतल्या घोडे-बंदुकांच्या कादंबऱ्यांच्या. मेंबर त्यांना ‘काऊबॉय’ म्हणायचे. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून मी ती वजनावर आणल्यासारखी आणायचो, खाकी कव्हर घालायचो, मागे तारखांची चिठ्ठी चिकटवायचो. दिवसाला एक रुपया, पुढे दोन झाले.

एक मोटरमन मेंबर होते, लोकल चालवायचे. ते फक्त काऊबॉय न्यायचे. लेखक, नाव, काही बघायचे नाहीत. ‘घोडे आहेत ना?’ एवढंच विचारायचे. ज्याला जन्मभर रूळ सोडून डावीउजवीकडे वळता आलं नाही त्याला घोडा का आवडतो, हे मला कळायचं. एकदा ते ‘द लोन्सम गॉड्स’ घेऊन आले आणि काउंटरवर आपटलंच. “अहो, शेवट कुठाय?” बघतो तर पाठीचा गोंद सुटून शेवटची साठसत्तर पानं गायब. कुठल्या मेंबरकडे गळाली, कुणाच्या पोरानं होड्या केल्या, देव जाणे. मी त्यांचे पैसे परत केले आणि त्या रात्री तेच फाटकं पुस्तक घरी नेलं.

म्हणजे पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं ते शेवटाशिवाय. दुसऱ्यांदा, शेवटासकट, मागच्या वर्षी. मधे तीसेक वर्षं. तेव्हा हे परीक्षण थोडं उशिराचं आहे, सांभाळून घ्या.

गोष्ट १८४० च्या दशकात सुरू होते. कॅलिफोर्निया अजून मेक्सिकोचा मुलूख आहे. सांता फेहून एक वॅगन वाळवंट पार करून पश्चिमेला निघाली आहे आणि तिच्यात सहा वर्षांचा योहानेस व्हर्न अनोळखी माणसांत अंग चोरून बसला आहे. आई वारलेली. बाप झॅकरी क्षयानं खंगत चाललेला, त्याला ठाऊक आहे की आपले दिवस भरले. मुलाला आता जगात एकच रक्ताचं माणूस आहे, लॉस एंजेलिसला राहणारा आईचा बाप डॉन इसिद्रो. आणि या म्हाताऱ्यानं जावयाला ठार मारायची शपथ घेतलेली आहे, कारण त्या परक्या, बिनजमिनीच्या माणसानं आपल्या मुलीशी लग्न केलं. मरणारा बाप मुलाला घेऊन चालला आहे तो या आजोबाच्या दारी. दुसरं दार नाही म्हणून.

नातू बघून म्हातारा विरघळेल, असं आपल्याला वाटतं. आपले सिनेमे बघून झालेली सवय. इथे म्हातारा माणसं घेऊन येतो, बापाला गोळी घातली जाते आणि एवढ्याशा पोराला वाळवंटात मरायला सोडून देतात. वाळवंटानंच मारावं, म्हणजे नातवाचा खून केल्याचं पाप आपल्या माथी नको. मी पुस्तक मिटून थोडा वेळ पंख्याकडे बघत बसलो होतो हे आठवतं.

त्याआधीचा जो भाग आहे, बाप आणि मुलगा एकत्र असतानाचा, तो या कादंबरीचा जीव आहे. झॅकरीकडे वेळ थोडा आहे आणि सांगायचं खूप. वॅगनमध्ये, शेकोटीपाशी, तो पोराला एकेक गोष्ट देत जातो: पाणी कुठल्या बाजूला असेल ते कसं ओळखायचं, वाळवंटात सावली कशी शोधायची, परक्या माणसाचं बोलणं कसं ऐकायचं. वाटेत दगडांच्या राशी दिसतात. येणाराजाणारा प्रत्येक जण तिथे एकेक दगड ठेवून जातो. बाप सांगतो, हे वाटेवरचे जुने देव. त्यांना पुजणारी माणसं संपली, आता त्यांना कोणी विचारत नाही, ते एकटे पडले असतील. एक खडा ठेवायला आपलं काय जातं? पुस्तकाचं नाव इथून आलं.

हे वाचताना मला माझी आजी दिसली. आमच्या गावच्या खिंडीत म्हसोबा होता, शेंदूर उडालेला. आजी त्याच्यापुढे खडा ठेवल्याशिवाय पाऊल पुढे टाकायची नाही. नवस नाही, मागणं नाही. “बसलाय बिचारा एकटाच,” म्हणायची. वाळवंटातल्या त्या बापाच्या तोंडी हे वाक्य शोभलं असतं.

हे दोघं काही काळ आग्वा कालिएन्तेला राहतात. म्हणजे आजचं पाम स्प्रिंग्ज. गरम पाण्याचा झरा, पंख्यासारख्या पानांचे ताड, पाठीशी एकदम भिंतीसारखा उठलेला सान हासिंतो पर्वत, आणि काविया लोकांची वस्ती. (इंग्रजी स्पेलिंग बघून मी तीस वर्षं ‘कहुइल्ला’ वाचत होतो. उच्चार काविया.) वस्तीपासून जरा बाजूला एक रिकामं घर आहे, तिथे हे राहतात. काविया लोक त्या घराकडे फिरकत नाहीत. ते घर ताक्विट्झचं, असं ते मानतात. ताक्विट्झ हा त्यांच्या पुराणातला पहिला मांत्रिक. शक्ती चांगल्या कामाला वापरायची ती वाईटाला वापरू लागला, म्हणून हाकलला गेला आणि डोंगरातल्या दरीत जाऊन राहिला. रात्री आकाशात हिरवट उल्का दिसली की ती त्याची, असं म्हणतात.

आणि मग घरातलं एक पुस्तक नाहीसं होतं. काही दिवसांनी परत जागेवर येतं. रात्री कोणीतरी येऊन जातं. पावलांचा आवाज नाही, चेहरा नाही. भीती वाटायच्या ऐवजी मुलगा मुद्दाम पुस्तकं ठेवू लागतो. एक जातं, परत येतं, दुसरं जातं.

आता सांगा, मी काय करणार? पंचवीस वर्षं हाच धंदा केलेला माणूस. कादंबरीत खून, पाठलाग, सूड सगळं चाललं होतं आणि माझा सगळा जीव त्या रात्रीच्या मेंबरात अडकला. डिपॉझिट नाही, रजिस्टर नाही, लेट फी नाही, आणि तरी पुस्तक वेळेवर परत! माझ्या मेंबरांत असे चारजण निघाले असते तर मी गाळा बंद केला नसता. विनोद राहू द्या. आईबाप गेलेलं एक पोर कोणाचा चेहरा न बघता कोणाशी तरी जोडलेलं आहे, आणि तो धागा म्हणजे एक वाचून परत ठेवलेलं पुस्तक. अनाथ मुलाच्या गोष्टीत मी इतकं साधं काही वाचलं नव्हतं. कोणी त्याला पोटाशी धरत नाही, कोणी ‘बाळा’ म्हणत नाही. सकाळी उठून बघितलं की फळीवरची जागा बदललेली असते, बस.

अशीच एक तऱ्हा फ्रान्सिस्कोची. काविया मुलगा, याच्याच वयाचा. दोघं बोलायच्या आधी वाळूत चित्रं काढून ओळख करून घेतात.

मिस नेसलरोड ही दुसरी मोठी जमेची बाजू. त्याच वॅगनमधून आलेली एकटी बाई, कुठून आली, पैसे कुठले, कोणालाच नीट कळत नाही. पुढे लॉस एंजेलिसला ती दुकान काढते, पुस्तकं ठेवते, जमीन घेते, आणि पोरक्या योहानेसला वाढवते. त्या वेळचं लॉस एंजेलिस म्हणजे मातीच्या विटांची घरं आणि धुळीचे रस्ते. १८५० च्या शिरगणतीत तिथे १,६१० माणसं होती. आमच्या डोंबिवलीत तेवढी सकाळच्या एका लोकलला मावतात. अशा गावात पुस्तकाचं दुकान चालेल हे त्या बाईला कसं सुचलं, हे वाचताना मी धंद्याच्या नजरेनं वाचत होतो. लामूर धंदा चांगला लिहितो. कोण काय विकतो, कशाला भाव येणार, कोणाची जमीन कधी जाणार. १८४८ मध्ये मुलूख अमेरिकेकडे गेला, त्याच वर्षी सोनं सापडलं, १८५० ला राज्य झालं, आणि १८५१ च्या कायद्यानं जुन्या मेक्सिकन जमीनदारांना आपली मालकी सरकारी आयोगापुढे सिद्ध करायला लावली. त्यात भलेभले बुडाले. डॉन इसिद्रोचा ताठा कशाच्या जोरावर होता आणि त्याखालची जमीन कशी सरकत होती, हे एवढं ठाऊक असेल तर म्हातारा नुसता खलनायक वाटत नाही. लेखकानं हे आणखी उकरायला हवं होतं.

लामूरविषयी थोडं. जन्म १९०८, नॉर्थ डाकोटातल्या जेम्सटाउनचा, बाप गुराढोरांचा डॉक्टर. पंधराव्या वर्षी शाळा सुटली ती सुटलीच. मग जहाजावर खलाशी, लाकूडतोड्या, बक्षिसाच्या पैशांसाठी मुष्टियोद्धा, खाणीवरचा राखणदार. जाईल त्या गावात लायब्ररी शोधायची आणि वाचायचं. पुढे ऐंशीच्या वर कादंबऱ्या लिहिल्या, त्यातल्या बहुतेक दीडदोनशे पानांच्या, लोकलमध्ये ठाण्याला उघडून व्हीटीला मिटाव्यात अशा. ही १९८३ ची, चांगली साडेचारशे पानांच्या आसपास. म्हाताऱ्यानं उतारवयात मनातलं सगळं ओतलं आहे, आणि सगळं म्हणजे सगळं.

कारण दोष आहेत, आणि ते मी दाबणार नाही. पहिला म्हणजे एकच गोष्ट तीनतीनदा सांगायची खोड. वाचन किती महत्त्वाचं, वाळवंट किती निष्ठुर पण किती सुंदर, माणसानं शिकत राहावं. पहिल्यांदा मान डोलावली, दुसऱ्यांदा ठीक, पाचव्यांदा मला आमच्या हेडमास्तरांची आठवण आली. दुसरा, सहा वर्षांचं पोर कधीकधी साठ वर्षांच्या माणसासारखं बोलतं. तिसरा, सांगणारा मधेच बदलतो. योहानेस ‘मी’ म्हणून सांगत असतो आणि पुढच्या प्रकरणात अचानक कोणी तिसराच दुसऱ्या पात्राच्या डोक्यात शिरतो. माझ्या फाटक्या प्रतीत मला वाटलं होतं की इथलीही पानं गळाली असावीत. नाही, पुस्तकच तसं आहे.

आणि मेगन. योहानेसची आवडती मुलगी. देखणी आहे, वाट बघते, काळजी करते. याहून काही सांगता येत नाही. मिस नेसलरोडसारखी बाई ज्याला उभी करता येते त्यानं नायिकेला खिडकीत का बसवून ठेवावं? मोटरमन काका प्रेमाची पानं सरळ उलटायचे. या पुस्तकात तसं करायला माझी हरकत नाही.

मधली शंभरेक पानं सैल आहेत. शेवटी मात्र घोडे आहेत, चिकार आहेत, आणि वाळवंटातला मोठा पाठलाग आहे. तिथे लामूर पुन्हा आपल्या घरी येतो. बंदुका कमी आणि पाण्याचा हिशेब जास्त. खडकाच्या खळग्यात साचलेलं पाणी कोणाला ठाऊक आहे आणि कोणाला नाही, यावर कोण जगणार ते ठरतं. बापानं वॅगनमध्ये बसून शिकवलेलं इथे कामाला येतं, आणि लेखक ते बोट दाखवून सांगत नाही, हे नशीब.

आता त्या हरवलेल्या पानांचं. रात्रीचा पाहुणा कोण, हे मला माहीतच नव्हतं. मेंबर विचारायचे, कारण फाटकी प्रतही लोक नेत होते. मी ठोकून द्यायचो: बाप मेलाच नव्हता, तोच येत होता. मोटरमन काकांनाही तेच सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मग ठीक आहे.” पुढे कितीतरी वर्षं ते दुसऱ्या मेंबरांना माझाच शेवट रंगवून सांगायचे. बाप जिवंत असल्याचा सुगावा आधीच लागावा म्हणून पुस्तकात नसलेल्या दोन खुणाही त्यांनी घातल्या होत्या.

मागच्या मार्चमध्ये मुलीकडे कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला तीन महिने होतो. तिनं तिथल्या सार्वजनिक लायब्ररीत नेलं. कार्ड फुकट. मी सवयीनं काउंटरवर डिपॉझिट विचारलं, लेकीनं कोपर मारलं. लामूरची सबंध फळी होती. ‘द लोन्सम गॉड्स’ काढलं, आधी शेवट तपासला, सगळी पानं होती. दोन रात्रींत संपवलं. पाहुणा बाप नाही. कोण ते सांगत नाही. पण माझा शेवट रडवणारा होता आणि खरा शेवट शरम वाटायला लावणारा आहे. घराण्याची अब्रू या दोन शब्दांखाली माणसं काय काय दडवून ठेवतात, ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको.

मग पाम स्प्रिंग्ज बघायचा हट्ट धरला. दोन तास गाडीनं. ताक्विट्झच्या नावाचा रुंद रस्ता आहे, त्याच्या नावाची दरीसुद्धा. दरी काविया लोकांच्याच मालकीची, तिकीट काढून जायचं. दोनेक मैलांचा फेरा, मधे साठ फुटी धबधबा, मार्चमध्ये बऱ्यापैकी पाणी होतं. गावाच्या मधोमध तोच गरम झरा, त्यावर आता २०२३ पासून झकपक स्नानगृह आणि शेजारी त्यांचं संग्रहालय. तिथेच कळलं की १८७६ ला सरकारनं ही जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी वाटली: एक चौरस मैल रेल्वेला, शेजारचा काविया लोकांना, पुन्हा एक रेल्वेला. कादंबरीतले काविया शांत, शहाणे, मदतीला धावणारे आहेत, पण लामूर त्यांना तेवढ्यावरच सोडतो. १८६२-६३ च्या देवीच्या साथीत त्यांची किती माणसं गेली हे वाचल्यावर फ्रान्सिस्को मोठेपणी जगला असेल का, असा विचार मनात आला. कादंबरीतल्या मुलाबद्दल असला विचार करायचा नसतो, पण आला.

दरीतून परतताना मी खाली वाकून एक खडा उचलला, वाटेच्या कडेला ठेवायला. “बाबा, इथलं काही हलवायचं नाही,” मुलगी म्हणाली. मी मुकाट्यानं होता तिथेच परत ठेवला. म्हणजे ठेवलाच की.

कोणी वाचावं? इंग्रजी सोपं आहे, दहावीचं पोर वाचू शकेल, त्यानं वाचावंच. ज्यांना पहिल्या पानापासून धडाधड गोळीबार हवा त्यांनी याच लेखकाची बारकी पुस्तकं घ्यावीत. ज्यांना पुनरुक्तीचा राग येतो त्यांनी ग्रंथमाहात्म्य सुरू झालं की दोन परिच्छेद सोडावेत, काही हुकत नाही. पहिली दीडशे पानं मात्र एक ओळ न गाळता. पेपरबॅक आणि ई-बुक दोन्ही अजून मिळतात. जुनं घेतलंत तर पाठ दाबून गोंद बघा आणि शेवटचं पान मोजून घ्या.

मोटरमन काका निवृत्त होऊन कोल्हापूरकडे गेले ते पत्ता न ठेवता. त्यांच्या नावापुढे रजिस्टरात अजून एक काऊबॉय येणं दाखवतंय. कुठे भेटले तर खरा शेवट सांगावा की नाही, हे मी ठरवलेलं नाही. माझी प्रत घरी आहे, खाकी कव्हर आणि तारखांच्या चिठ्ठीसकट, शेवटाशिवायची. ती मागू नका. डिपॉझिट दिलंत तरी मिळणार नाही.